इटालियन मार्बल आणि घरची हळद

“मॅडम, लग्न होईपर्यंत फ्लॅटला बाहेरून कुलूप लावलं तर?”

फोनवर मोरेश्वर शेठ होते. माझे क्लायंट. मी पनवेलमध्ये इंटिरिअर डिझायनर आहे, त्यामुळे असल्या प्रश्नांची सवय आहे. पण फ्लॅट त्यांचा, लग्न त्यांच्याच मुलीचं, आणि कुलूप लावायचं होतं ते घरच्यांनी आत येऊ नये म्हणून.

शेठ मूळचे जवळच्याच कोन गावचे. गावाकडचं घर भावाला देऊन त्यांनी पनवेलच्या सर्वांत महागड्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. बिल्डरने बसवलेल्या कोऱ्या टाइल्सवर कुणाचा पाय पडण्याआधीच आम्ही त्या फोडल्या. आमच्या धंद्यात याला रिनोव्हेशन म्हणतात. शेठना पांढरंशुभ्र इटालियन मार्बल हवं होतं, कारण व्याह्यांकडे तेच होतं. “याला फार जपावं लागतं,” मी म्हटलं होतं. “जपू की,” शेठ म्हणाले होते.

आता प्रश्न हळदीचा होता. आमच्या भागात एखाद्याच्या लग्नाला नाही गेलात तरी चालतं. हळदीला नाही गेलात तर माणसं वर्षभर टोमणे मारतात. अख्खं गाव जमतं, बँजो वाजतो, आणि हळद नवरीपुरती राहत नाही. दिसेल त्याला फासतात.

मी त्यांच्या घरी, त्याच फ्लॅटवर गेले. शेठ, वहिनी आणि मुलगी प्राची समोर बसले.

“मॅडम, या दोघींना जरा टेक्निकल समजवा,” शेठ म्हणाले.

मी समजावलं. मार्बल दिसायला दगड, पण त्याला बारीक छिद्रं असतात. तेलात कालवलेली हळद आत मुरली की पुसून जात नाही.

“मग मी हळदीला कुठे बसू?” प्राचीने विचारलं.

“खाली पार्किंगमध्ये. मस्त मंडप घालू, लायटिंग करू,” शेठ म्हणाले.

“पप्पा, मी या घरातून सासरी जाणार आहे. पार्किंगमधून नाही.”

वहिनी उसळल्या. “लेकीची हलद घरात नाय लावायची? लोकं काय बोलतील? आमी काय भाड्यानी ऱ्हातो काय?”

मी मधला मार्ग काढला. साइटवर काम चालू असताना आम्ही फरशीवर प्लास्टिक अंथरतो आणि वरून पीओपीचा पातळ थर देतो. त्यावर खुशाल नाचा. लग्न झालं की थर उचलायचा, फरशी जशीच्या तशी.

शेठचा चेहरा पडला. “झाकलं तर पाहुण्यांना मार्बल दिसणार कसं?”

प्राची उठली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. पण डिझायनरने घरच्या भांडणात पडायचं नसतं, म्हणून मी चहा संपवला.

हळद पार्किंगमध्येच झाली. मलाही बोलावणं होतं. संध्याकाळी शेठ पाहुण्यांना लिफ्टने वर नेत होते. दाराशी पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या, हॉलमधून एक चक्कर मारायची आणि खाली यायचं. एका म्हाताऱ्या आत्याने तर लांबूनच हात जोडले. खाली प्राची दोन गाड्यांच्या मधल्या जागेत पाटावर बसली होती. हसत होती, पण फक्त फोटोपुरती. नंतर शेठच्या बहिणींनी शेठनाच पकडलं आणि डोक्यापासून पायापर्यंत पिवळं केलं.

त्याच रात्री घरचे सगळे मंगल कार्यालयात मुक्कामाला गेले, फ्लॅट बंद राहिला. लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी परतताच शेठचा फोन. “मॅडम, घात झाला. ताबडतोब या.”

दारापासून प्राचीच्या खोलीपर्यंत पांढऱ्या मार्बलवर पिवळीजर्द पावलं उमटली होती. अनवाणी, ठसठशीत.

“हे मेव्हण्याचंच काम,” शेठ म्हणाले. “पहिल्यापासून त्याचा माझ्या घरावर डोळा.”

“माझा भाव वर आलाच नाय,” वहिनी म्हणाल्या. “तुमचा कॅमेरा हाय ना? बघा त्यातच.”

हॉलमधला कॅमेरा शेठनीच फरशीवर लक्ष ठेवायला लावला होता. आम्ही तिघांनी मोबाइलवर हळदीच्या रात्रीचं फुटेज पाहिलं. दार उघडलं. हळदीने माखलेले शेठ आत आले. खाली न बघता थेट प्राचीच्या रिकाम्या खोलीत गेले. खूप वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा दोन्ही हातांनी डोळे पुसत होते.

मी म्हटलं, “शेठ, डागांवर पोल्टिस लावू. एक पेस्ट असते, मुरलेला डाग ती ओढून घेते.”

शेठनी सासरी प्राचीला फोन लावला.

“पोरी, चुकलो मी. तुझी हलद लागली बघ घरात. माझ्याच पायानी.”

प्राची म्हणाली, “पप्पा, पुसू नका.”

मी पोल्टिसचा डबा परत आणला. हल्ली शेठ पाहुण्यांना सांगतात की हे डिझाइन इटलीहूनच असं आलंय, आणि पाहुणे मान डोलावतात. एकाने तर मला फोन करून तसंच हवं म्हणून रेट विचारला.

माझ्यापुरता धडा साधा. आता कुणी मार्बलचं नाव काढलं की सॅम्पल दाखवण्याआधी मी विचारते, “घरात लग्नाचं कोण आहे?”