हळदीच्या गाण्यातली जाड तार

“त्या हळदीच्या गाण्यात बेस गिटार नव्हतीच. खालचे स्वर मीच कीबोर्डवर डाव्या हाताने वाजवले.”

धुळ्याच्या एका कीबोर्डवादकाने मोबाइलवरच्या मुलाखतीत असे सांगितले. जळगावात मेहरूणच्या माझ्या घरात, नातवाच्या लग्नाची गडबड चालू असताना, मी ते ऐकले. हे धादांत खोटे आहे. त्यात चार तारांची बेस गिटार होती, आणि ती मी वाजवली.

तरुणपणी वरणगावच्या कारखान्यातील एका फिटरने मला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत, शिकवले. पुढे जळगाव-धुळ्याच्या स्टुडिओंत इतरांच्या गाण्यांखाली वाजवण्यातच माझे आयुष्य गेले. कॅसेटवर गायकाचे नाव असे, गीतकाराचे असे. आम्ही ‘आणि साथीदार’. त्याची मी कधी तक्रार केली नाही. पण ब्लूजची ती संथ, न थकणारी चाल मी त्या एकाच अहिराणी हळदीच्या गाण्याखाली घातली, आणि नेमके तेच गाणे टिकले. बाकी सगळी विसरली गेली. तेवढे एक माझ्याकडून काढून घेतले, तर मी जन्मभर काहीच वाजवले नाही, असे ठरते.

गिटारच्या तारा तेव्हा मुंबईहून आणाव्या लागत. त्या घामाने मळल्या, आवाज बसला, की मी त्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळीत असे. त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या सकाळीही उकळल्या. पत्नी असोद्याची, जिभेने तिखट. पातेल्यात डोकावून म्हणाली, “आज तारांची भाजी का? फोडणी देऊ?”

धुळ्याला आम्ही सारे एकाच खोलीत, एका दमात वाजवत होतो. हा कीबोर्डवादक माझ्या शेजारी सनईचा आवाज काढत होता. दुसरे कडवे संपता संपता, नको तितक्या वेळा उकळलेली माझी सर्वांत जाड तार तुटली. गायिकेचा गळा बसत आला होता. पुन्हा पहिल्यापासून गाणे तिला शक्य नव्हते. काचेपलीकडून स्टुडिओच्या मालकाने हात फिरवला : थांबू नका. उरलेल्या तीन तारांवर, सर्वांत खालचे स्वर गाळून, मी गाणे शेवटास नेले.

आज ती गायिका नाही, मालक नाही, पत्नीही नाही. स्टुडिओच्या जागी मोबाइलचे दुकान आहे. मी कीबोर्डवादकाला फोन केला. तो हसला.

“नाना, कशाले तरास करी लेतस? गानं बठ्ठासले माहीत शे. तुमनं नाव कोनले माहीत शे?”

“सगळ्यांना नसेल. तुला आहे,” मी म्हणालो. त्याने फोन ठेवला.

नातवाच्या हळदीला डीजेने तेच गाणे लावले. त्यात माझी गिटार काढून नुसती धडधड भरली होती. सगळे नाचले. माझी बोटे आता वळत नाहीत, म्हणून वाजवून दाखवणेही संपले. जुनी कॅसेट शोधून कोणी ऐकेल, अशी आशा मला नाही. तरीही लिहून ठेवतो. कीबोर्डची खालची पट्टी गाण्याच्या मध्यावर तुटत नाही. आणि त्या मूळ गाण्यात, तिसऱ्या कडव्यापासून अखेरपर्यंत, जाड तारेवरचा एकही स्वर नाही.