बडीशेपेची वाफ

ग्रीक बेटावरच्या प्लोमारी गावाच्या धक्क्यावर इग्नातिस जाळी सांधायचा. पूर्वी ऊझो, म्हणजे बडीशेपेची दारू, ढोसायचा, ते सुटावं म्हणून बायकोनं, मिर्सिनीनं, मंदामादोस गावच्या देवदूताला लोखंडी बूट वाहिले होते. हा देवदूत म्हणे रात्री बेटभर फिरून बूट झिजवतो नि नवस राखतो. दारू सुटली. पण तिनं बजावूनही ठेवलं, "परत थेंब घेतलास, तर मी कायमची बहिणीकडे, मितिलिनीला."

पुढे डॉक्टरांनी सिगारेटही सोडवली. ओठ रिकामे पडले बिचाऱ्याचे. मग त्यानं बायकोच्या चोरून सिगारेटऐवजी ओढायची, विजेवरची वाफेची नळी घेतली.

दुकानातल्या देस्पिनानं अर्काच्या कुप्या पुढे मांडल्या. "काका, काकडीची न्या. कुणाच्या नाकाला कळायची नाही. नाहीतर ही बिनवासाची."

"काकडी? अंगाला मासळी नि डांबराचा वास असलेला मी! बायको विचारेल, कुणाच्या मळ्यात लोळून आलास? आणि बिनवासाची म्हणजे पाणीच की. बडीशेपेची दे. गावात ऊझोच्या भट्ट्या. हवेलाच बडीशेपेचा वास, त्यात माझा कोण हुंगतंय?"

मग काय, संध्याकाळी समुद्र दुधासारखा निवायचा, भट्ट्यांचा गोडसर दरवळ उतरायचा, आणि त्याची वाफ त्यात विरघळून जायची. जाळं मांडीवर, सुई हातात, डोळे अर्धे मिटलेले. आपणच धुकं झालोत, तरंगत पलीकडच्या किनाऱ्याला लागतोय, असं त्याला वाटायचं.

एकदा असाच तरंगत घरी आला, तर मिर्सिनी दारातच.

"कधीपासून?"

पकडलो, असं वाटून तो पुटपुटला, "आठवडा झाला. थोडी थोडीच, जाळी सांधताना."

ती आत गेली आणि पिशवीत कपडे कोंबू लागली. "लोखंडाचे बूट वाहिले रे मी! तो बिचारा चालून चालून दमला, नि तू पुन्हा बाटलीला तोंड लावलंस?"

"बाटली? कसली बाटली?" आत्ता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं नळी काढून तिच्या हातात दिली.

तिनं ती हुंगली, मग त्याचं तोंड हुंगलं. मग ती पिशवीवरच मटकन बसली. "गाढवा! लपायला दुसरा वास नाही सापडला? दारुड्याचाच बरा सापडला!" हसता हसता तिचे डोळे वाहत होते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानात गेली. देस्पिनानं पुन्हा बिनवासाची कुपी पुढे केली.

"ती नको गं बाई. तो काय ओढतोय, मला कळायला नको?" एकेक कुपी हुंगत ती अंजिराच्या पानाच्या वासाशी थांबली. इतका हलका वास, की हात लांब केला तर नाहीसाच व्हावा. "ही दे. हिचा वास माझ्यापुरताच आहे."

आता संध्याकाळी ती तपासणीला म्हणून धक्क्यावर येते. वास येत नाही, येत नाही म्हणत, त्याच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत सरकते.