खुणेपर्यंत पाणी

अक्काला मी शेवटची भेटले तेव्हा तिनं माझ्याकडे पाणी मागितलं. किन्हवलीच्या पुढं आमचं गाव, तिथल्या घराच्या पडवीत ती खाटेवर पडून होती. मी तांब्या-भांडं घेऊन गेले. तिनं एक भांडं संपवलं, मग दुसरं. मी बघतच राहिले, तशी म्हणाली, "बघतेस काय गो? पिऊ दे. आता मला कुठं जायाचं नाय."... त्याच आठवड्यात तिच्या मुलाचा, प्रकाशचा फोन आला, अक्का गेली. मी शहापूरच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करत होते. जुडी हातात घेऊन तशीच घरी चालत आले. भाजीवालीनं हाक मारली नाही, म्हणजे माझा चेहराच तसा झाला असणार. याला आता दीड महिना होत आला. घरातले म्हणतात, सुमन, एरवी तुझं तोंड बंद नसतं, अक्काबद्दल चार शब्द चांगले लिही. मी चांगलं लिहायला बसते आणि मला राग येतो. तेव्हा रागासकटच लिहिते.

अक्का माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई थकल्या होत्या, त्यामुळे मला वळण लावायचं काम अक्काच्या गळ्यात पडलं. ते काम कसं फसलं हे आमच्याकडे अजून चवीनं सांगितलं जातं. सांगणारी अर्थात मीच. पहिलं वळण पाण्याचं. बाहेर जायचं लुगडं नेसलं की बाईनं पाणी बंद करायचं, ते घरी येऊन लुगडं सोडेपर्यंत. का, ते कोणी सांगत नसे, कोणी विचारतही नसे. उलट कोण किती वेळ कोरडी राहिली याची बायकांत चढाओढ चाले आणि त्यात अक्का कायम पुढं. मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी म्हसा गावच्या जत्रेत उसाचा रस प्यायले. गोड लागला म्हणून दुसरा ग्लासही घेतला. दुपारपर्यंत माझे डोळे पांढरे झाले. जत्रेत घोंगड्या होत्या, पाळणे होते, मिठाईचे ढीग होते, बैलांच्या रांगाच रांगा होत्या, बाईला आडोशाला बसायला जागा तेवढी नव्हती. अक्कानं मला दंडाला धरून बैलांच्या मागं नेलं आणि नुकतीच घेतलेली घोंगडी दोन्ही हातांनी ताणून उभी राहिली. तेवढ्यात एक व्यापारी आला. घोंगडीआड कुठलं जनावर लपवलंय म्हणून वाकून बघायला लागला.

"काय भाव?"

"इकायचं नाय!" अक्का गरजली. "मारकं हाय. फीर मागं!"

तेव्हापासून सासरी मी 'मारकं' झाले ते आजतागायत.

पाळी जाऊन वर्षं लोटलेली असताना अक्काच्या अंगावरून जायला लागलं. तिनं ते बरेच दिवस कोणाला कळू दिलं नाही. कळलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, पण डॉक्टर म्हणाले, बरा होण्यासारखा आहे. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात रोज जाऊन किरणांचे शेक घ्यायचे. अक्का माझ्याकडे शहापूरला राहायला आली. प्रकाश गाडी चालवणार आणि मी सोबतीला, म्हणजे वाटभर बोलायला. "रस्ता लांब नाय, तुझं बोलणं लांब," असं अक्का पहिल्याच दिवशी म्हणाली.

शेक द्यायच्या खोलीतली मुलगी गोड होती. तिनं समजावलं, "मावशी, आधी लघवीला जाऊन या. मग बाटलीतलं पाणी या खुणेपर्यंत प्या आणि थोडा वेळ थांबा. लघवीची पिशवी भरलेली असली की आतडी वर सरकतात, त्यांना किरण लागत नाहीत." खूण म्हणजे तिनं आपल्या वेणीचा लाल रबर काढून आमच्या गुलाबी प्लॅस्टिकच्या बाटलीला चढवला होता. अक्का मान डोलवून आत गेली आणि जराशानं ती मुलगी हसू दाबत बाहेर आली. पाठोपाठ अक्का.

"मावशी, खरं सांगा. पाणी प्यायलात?"

"पिले ना."

"फोटोत पिशवी रिकामी दिसतेय."

अक्का माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच चुगली केली होती. बाहेरगावी, अंगावर बाहेर जायचं लुगडं, आणि ही पोरगी बाटलीभर पाणी पी म्हणते! अक्कानं सगळं पाणी गुपचूप व्हरांड्यातल्या कुंडीत ओतलं होतं. तिला लबाडी करताना आजवर कोणी पकडलं नव्हतं आणि पकडलं ते यंत्रानं, पोटातला फोटो काढून. कुंडीतलं झाड तेवढं त्या दिवशी टवटवीत दिसत होतं.

मग त्या मुलीनं तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. रोज आधी फोटो निघतो. गाठ आज केवढी उरली, पिशवी किती भरली, आतडं कुठं सरकलं, हे बघून डॉक्टर तिथल्या तिथं किरणांची आखणी पुन्हा करतात. कालची आखणी आज चालेलच असं नाही, कारण शरीर रोज बदलतं. मी मोठ्या शहाणपणानं मान हलवत होते आणि मला काही कळलं नव्हतं. अक्का म्हणाली, "म्हंजे भाताच्या खाचरावाणी. सकाळी पाणी किती हाय ते बघितल्याबिगर बांध फोडायचा नाय." मुलगी खूश झाली. दुसऱ्या दिवसापासून अक्का रबरापर्यंत पाणी प्यायला लागली, आणि प्यायचं माझ्याकडे रागानं बघत. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, गाठ आटत चालली होती.

आता माझा राग. त्या यंत्राचं मला अजून कौतुक वाटतं. बाई आज कशी आहे, कालच्यापेक्षा काय बदललं, हे ते रोज बघत होतं, आणि जे दिसेल त्याप्रमाणे स्वतःला बदलून घेत होतं. पण हॉस्पिटलचं दार ओलांडून हायवेला लागलं की त्याच बाईला विचारणारं कोणी नाही! शेकानं तिची लघवीची पिशवी चिडलेली, निघताना जाऊन आली तरी अर्ध्या वाटेत पुन्हा कळ यायची. एके दुपारी तिनं सीटची कड घट्ट धरली आणि म्हणाली, "परकाश, थांबव रं." समोर पेट्रोलपंप होता. तिथं कोपऱ्यात 'महिला' अशी पाटी, पाटीवर कुंकू लावलेल्या बाईचं छान रंगवलेलं चित्र, आणि दाराला कुलूप. मी धावत टेबलावरच्या माणसाकडे गेले. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "चावी शेठकडे. शेठ बाहेर गेलेत."

"आजारी बाई आहे हो."

"पुढं ढाबा आहे, तिकडं बघा."

पुढं म्हणजे किती पुढं, हे त्याला सांगता येईना. गाडीआड मी माझी ओढणी ताणून उभी राहिले. जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. तोवर अक्काचं लुगडं भिजलं होतं. घरी आल्यावर तिनं ते लुगडं कोणाला हात लावू न देता स्वतः धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आवरायला उठेना. "मी नाय येणार."

"आये, थोडेच शेक राहिलेत," प्रकाश रडकुंडीला आला.

अक्कानं त्याच्याकडे बघितलंच नाही. मला म्हणाली, "सुमा, म्हशाला तुझ्यासाठी घोंगडी मी धरली. काल माझ्यासाठी ओढणी तू धरलीस. मधल्या इतक्या वर्षांत काय झालं गो?"

मी दुसरं लुगडं पुढं केलं, तिनं ते बाजूला सारलं.

हॉस्पिटलातून फोन येत राहिले. तिची समजूत घालून, पॅड बांधून, तिला पुन्हा न्यायला बरेच दिवस गेले. राहिलेले शेक तिनं पूर्ण केले. पुढच्या वर्षी दुखणं उलटलं. मी डॉक्टरांना विचारलं, तो मधे खंड पडला, त्यानंच का? ते म्हणाले, तसं खात्रीनं सांगता येत नाही. भले माणूस, खरं बोलले. मीही खात्रीनं म्हणत नाही. पण खंड कशानं पडला, हे मला खात्रीनं माहीत आहे. कुलपानं पडला.

तेराव्यानंतर अक्काची मुलगी वंदना ठाण्याला सासरी निघाली, तिला पोचवायला प्रकाशसोबत मीही निघाले. निघताना वंदनाला पाणी दिलं. "नको काकी, गाडीत बसायचंय," ती म्हणाली. अगदी आईच्या सुरात. माझं डोकं फिरलं. प्रकाशला म्हटलं, त्या पंपावर थांबव.

टेबलावर तोच माणूस. "चावी?"

"शेठकडे."

"बोलवा शेठना."

"टाइम लागेल, मावशी."

मी पिशवीतून गुलाबी बाटली काढली. लाल रबर अजून जागच्या जागी आहे. त्याच्यासमोर उभी राहून रबरापर्यंत पाणी प्यायले, तोंड पुसलं, बाटली त्याच्या टेबलावर ठेवली आणि त्याचीच खुर्ची ओढून बसले. "लागू दे," म्हटलं. "पण सांगून ठेवते, मला शुगर आहे. मी फार वेळ थांबू शकत नाही. आणि ओढणी आज घरी ठेवून आलेय."

त्यानं बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि टेबलाचा खण उघडला. चावी तिथंच होती.