तिथं करमेल का

माझी बायको वैकुंठाला जाणार, हे आमच्या घरात लग्नापासून ठरल्यासारखंच होतं. एकादश्या ती करायची, तुळशीची माळ तिच्या गळ्यात, आणि संध्याकाळी देवापुढं बसल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. माझ्याकडून कुणाची तशी काही अपेक्षा नव्हती. मी परभणीत इरिगेशनमध्ये कारकून होतो. सहा दिवस लोकांचे पाण्याचे अर्ज वाचायचे आणि सातव्या दिवशी घरात वाद घालायचा, एवढंच माझं व्रत.

वादाची वेळही ठरलेली. रविवारी जेवणं झाली की ती सुपात ज्वारी घेऊन खडे निवडायला बसे आणि मी बाजेवर आडवा होऊन तिला डिवचायला लागे. मला विचारायचं असे एकच: तिथं तुला करमेल का? भूक लागत नाही म्हणतात, म्हणजे स्वयंपाक नाही. दुखणंखुपणं नाही, म्हणजे कुणाची काळजी नाही. कुणाची लेक नांदायला जात नाही, कुणाच्या घरी बारसं नाही, शेजारणीशी बोलावं तर तिच्या सुनेनं काही केलेलंच नाही. पहिले आठ दिवस हौसेत जातील. पुढं काय? आठ दिवसांचा पाहुणचारसुद्धा माणसाला जड होतो, आणि इथं तर परतीची गाडीच नाही. ज्याला शेवट नाही त्याला चव नाही, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आमची मुलगी लहानपणी त्याची नक्कल करायची.

बायको खडे निवडता निवडता सगळं ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, तुम्हाला इथं तरी कुठं करमतंय, घरात असलात की ऑफिस आठवतं आणि ऑफिसात असलात की घर. आणि एकदा तिनं येलदरीची आठवण काढली. नोकरीतली तीन वर्षं आम्ही येलदरीला धरणावरच्या क्वार्टरमध्ये काढली होती. पहिला महिनाभर ती रोज रडायची. समोर नुसतं पाणी आणि बोलायला माणूस नाही. तिसऱ्या वर्षी बदलीचा कागद आला तेव्हा तीच बाई मासे विकणाऱ्या बायांच्या गळ्यात पडून रडली, आणि आमच्या घरात मासा कधी शिजलेला नाही. तिचं म्हणणं, करमायला वेळ लागतो, आणि तिथं तर वेळच वेळ आहे. मी कूस बदलून झोपेचं सोंग घेतलं.

हा वाद एकदाच घराबाहेर गेला. तिच्या माहेरी, पोखर्णीच्या अलीकडच्या एका लहान गावात, चैत्रात मारुतीपुढं अखंड नामाचा सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही आणि तिचा नाद थांबू द्यायचा नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तीही वाजती. त्या वर्षी माझ्या मेहुण्याला ताप आला आणि त्याचा दुपारी बाराचा पहारा बायकोनं मला न विचारता माझ्या नावावर लिहून टाकला. सासुरवाडीत नाही म्हणता येईना.

पहिला तास बरा गेला. खरं सांगायचं तर छान गेला. दुसऱ्या तासात पोटऱ्या भरून आल्या. दोन वाजले आणि पुढच्या पहाऱ्याचे गृहस्थ आलेच नाहीत. ते पाथरीला गेले होते आणि परतीची जीप भरत नव्हती, हे मागाहून कळलं. मंडपात दोन-तीन म्हातारे होते, त्यांना धड उभं राहवत नव्हतं. बाकी गाव जेवून आडवं झालेलं. तीन वाजले, साडेतीन वाजले. उकाडा, तहान, मानेत रुतणारा पट्टा, हे सगळं सोसवत होतं. सोसवत नव्हतं ते एवढंच, की हे केव्हा संपणार ते ठाऊक नव्हतं. देवाचं नाव घेता घेता मी त्या गृहस्थांना मनात काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही.

बायको समोर बायकांच्या बाजूला बसून माझी फजिती बघत होती. आधी हसत होती. चार वाजले तशी उठली, हातपाय धुऊन आली, वीणेला आणि मला नमस्कार केला, आणि वीणा माझ्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली. त्या गावात तोवर बाईनं वीणा घेतलेली नव्हती. म्हातारे चुळबुळले, पण हरकत घ्यावी तर नाम थांबतं, आणि ते तर त्याहून मोठं पाप. ते पाथरीचे गृहस्थ येईपर्यंत पाऊण तास ती उभी होती. मी खांबाला टेकून पाणी पीत राहिलो. अखंड म्हणतात ते मागून कुणीतरी येतं म्हणून अखंड असतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. तिला मात्र मी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

मग मी रिटायर झालो, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सकाळी नऊला ठरलेला रिक्षावाला यायचा. दवाखान्यात चार तास ती पलंगावर आणि मी बाहेरच्या बाकावर. दिवसभराचं पाणी सकाळीच एका लहान तांब्यात मोजून ठेवायचं, त्यावर घोटभरही नाही. उन्हाळ्यात ती ओला रुमाल ओठांवर धरून बसायची, आणि मी आत जाऊन चोरासारखा पाणी प्यायचो.

थट्टा तिनं सोडली नव्हती. पहिल्या वर्षी म्हणाली, काम नाही, भूक नाही, नुसतं निजून राहायचं, तुम्ही सांगत होतात ते वैकुंठ हेच दिसतंय. तिच्या डाव्या हाताची नस डायलिसिससाठी धमनीला जोडून दिलेली होती. तिथं बोट ठेवलं की कातडीखाली सारखी थरथर लागायची. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं ती हात करायची, बघा माझी वीणा म्हणायची, झोपेतसुद्धा थांबत नाही.

चौथ्या वर्षी थट्टा संपली. मशीन चालू असतानाच रक्तदाब उतरायचा, पायांत गोळे यायचे, ती दात आवळून पडून राहायची. एक दिवस दवाखान्यात जायचा, दुसरा त्यातून सावरण्यात, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षा. एका मंगळवारी दुपारी ओसरीत बसलो असताना ती म्हणाली, “आता बास करू.”

मी न कळल्यासारखं केलं. म्हटलं, काय बास?

“तुमी सप्त्यात उभे होता तवा मी उठून आले का न्हाई? मी चार वर्सं उभी हाय. माज्या मागून कुणी यायचं न्हाई. तुमी नुसतं हो म्हणा, म्हंजे मी खाली ठिवते.”

मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणालो असंही नाही, रागावलो. लोक दहा-दहा वर्षं डायलिसिसवर काढतात, नवी औषधं येताहेत, पोरीनं काय करायचं, मी काय करायचं, सगळं बोललो. ज्याला शेवट नाही त्याला चव नाही असं जन्मभर सांगणारा मी, आणि तिला सोमवार, बुधवार, शुक्रवार न थांबता चालू ठेव म्हणून विनवत होतो. तिला ते वाक्य माझ्या तोंडावर फेकता आलं असतं. तिनं ते केलं नाही. बुधवारी मुकाट्यानं रिक्षात बसली.

मी मुलीला बोलावून घेतलं, ती माझ्या बाजूनं बोलेल म्हणून. पहिल्या दिवशी ती बोललीही. मग एका शुक्रवारी चारही तास आईच्या पलंगाजवळ बसली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. बाकावर माझ्याशेजारी बसून तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही आईला तिच्यासाठी आणताय का तुमच्यासाठी?”

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. बंद केलं तर आठ-दहा दिवस, त्रास होऊ नये म्हणून औषधं देऊ, पण निर्णय पेशंटचा आहे आणि त्या शुद्धीवर आहेत. तरी मला हो म्हणायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ती नऊ वेळा जाऊन आली. त्या नऊ खेपा तिनं माझ्यापायी सोसल्या. त्याबद्दल मी तिची माफी मागितली नाही, आणि आता मागायची सोय नाही.

पुढच्या सोमवारी नऊला रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी बाहेर जाऊन त्याला सांगितलं की आता येत जाऊ नको. तो रिक्षा वळवून गेला. आतून तिनं पाणी मागितलं. मी सवयीनं लहान तांब्याकडं वळलो, मग माठातून मोठा पेला बुडवून भरून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं आणि आणखी मागितला. दुसरा पेला भरताना मी तिच्याकडं पाठ करून उभा होतो, कारण मला रडू आवरत नव्हतं.

पहिले चार दिवस बरे गेले. तिनं लिंबाचं लोणचं खाल्लं, मुलीकडून केस विंचरून घेतले. मग पाय सुजले, धाप लागायला लागली. सहाव्या दिवशी दुपारी मुलगी औषध आणायला गेली होती. घरात आम्ही दोघंच होतो. ती उशांना टेकून बसली होती. मला वाटलं डोळा लागलाय.

“खरंच असल का वो तिथं काई?” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता. विचारायचं काम माझं होतं. मी घाबरलो. आणि मग जन्मात केला नव्हता तो धंदा केला, वैकुंठाची बाजू मांडली. सगळं आहे म्हणालो. तुझी आई आहे, हवं तेवढं पाणी आहे, येलदरीच्या त्या म्हाताऱ्या बाया एव्हाना पोचल्या असतील. करमेल तुला. येलदरीला नाही का करमलं? मी बोलत सुटलो, एका श्वासात, थांबलो तर ती पुन्हा विचारील म्हणून.

तिनं ऐकून घेतलं. थोडी हसलीही. म्हणाली, “तुमाला वाद घालता येतो. खोटं बोलता येत न्हाई.”

मी तिचा हात धरला. म्हटलं, तू हो पुढं, मी मागून लगेच येतो. हे खोटं नव्हतं. त्या क्षणी मला दुसरं काहीच नको होतं.

तिनं डोळे पूर्ण उघडले. “घाई करू नका,” म्हणाली. “पोरीला माहेर ऱ्हाऊ द्या.”

आठव्या दिवशी सकाळी ती गेली. माझं बोट तिच्या डाव्या हातावर होतं. थरथर आधी बारीक झाली, मग लागेनाशी झाली. मी बराच वेळ बोट इकडंतिकडं सरकवून शोधत होतो. शेवटी मुलीनं माझा हात बाजूला घेतला.

याला आता दीड वर्ष झालं. पेन्शन वेळेवर येते. डबा लावलाय, तो दाराशी येतो. कुणाशी भांडण नाही, कुठं जायची घाई नाही. लोक विचारतात, काका, करमतं का एकट्याला? मी करमतं म्हणतो. करमत नाही. तिथलं मला अजूनही काही माहीत नाही, कुणी असेल म्हणालं तर विश्वास बसत नाही आणि नसेल म्हणालं तर राग येतो. न संपणारा काळ मिळाला तर तो कशानं भरायचा, हा प्रश्न मी आता कुणाला विचारत नाही.

मुलगी वर्षातून दोनदा येते. या वेळी निघताना ती दारात थोडी रेंगाळली, का ते मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं की माहेराहून निघणाऱ्या लेकीची ओटी भरतात. मागच्या खेपेला ती तशीच गेली होती. शेजारच्या वहिनींना हाक मारता आली असती, पण मारली नाही. आत जाऊन तांदूळ शोधले, नारळ होता, बायकोच्या पेटीतून एक कोरा खण काढला. ओटी बापानं भरत नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिनं ओढणी पुढं केली. निम्मे तांदूळ उंबऱ्यावर सांडले. तिनं वाकून नमस्कार केला.

गाडीत बसताना तिनं विचारलं, “दिवाळीला येऊ ना, बाबा?”

मी म्हणालो, “ये की. मी आहे.”

ती गेल्यावर घरात आलो. दुपारचा एक वाजला होता. संध्याकाळ व्हायला अजून खूप वेळ होता.