पाण्याला नाही म्हणणारी

पाण्याचा ग्लास पुढे केला की ती आधी त्यावर तळहात ठेवायची. "नोको सिस्टर. सवय नाई."

मलकापूरच्या आमच्या सोनोग्राफी सेंटरात लोक बाटल्याच्या बाटल्या रिचवत बसतात, आणि या बाईचा पाण्याशी उभा दावा! मी चिडवायची, "मावशी, उंटीण आहात की काय?" ती पदर तोंडाला लावून हसायची. "वावरात या एक दिवस. तुमचीबी उंटीन होते का नाई, पाहा."

तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. कापूस वेचणाऱ्या टोळीची ती मुकादम. बीटी बियाणं आलं आणि कापूस पार धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत लागला. धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी गेल्या, बायांना आडोसा उरला नाही. तेव्हा तिनंच नेम घालून दिला, वावरात पाणी प्यायचं नाही. सुट्टीत सोबत येणाऱ्या लेकीलाही तोच नेम. पोर दिवसभर लघवी धरून बसायची. तिला वरचेवर ताप येऊ लागला, म्हणून दोघी आमच्याकडे आल्या.

डॉक्टरांनी पोरीच्या शिरेत औषध सोडलं. त्याचे बारीक बुडबुडे रक्तासोबत मूत्रपिंडात पोचतात आणि पडद्यावर ते उजळतं. वण पडलेली जागा तेवढी काळी राहते. पोरीच्या उजव्या मूत्रपिंडाची कड काळी राहिली.

"ते काळं पुसल्या जात नाई का, साहेब?"

"नाही, ताई. पण बाकीचं वाचवता येईल. पाणी पाजा. लघवी धरू देऊ नका."

"मीच सांगो तिले, पानी नोको पिऊ म्हनून," ती म्हणाली.

पुढच्या वेचणीला तिनं धुऱ्यावर चार काठ्या रोवून जुनं लुगडं बांधलं. अख्खी टोळी पाणी पिऊ लागली, हे पोरीच्या तपासणीला आली तेव्हा तिनंच हसत सांगितलं. तिचे स्वतःचे पाय मात्र सुजलेले होते. मी म्हटलं, आता तुमचीही तपासणी करू.

"माहं काय पाहाचं? पोरीचं पाहा. वेचनी तर होऊ द्या."

वेचणी संपायच्या आत ती गेली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. अजूनही खोलीतला दिवा मालवला की ती पडद्याजवळ उभी आहे असं वाटतं, आणि मला मागे वळून बघायची भीती वाटते.

नंतरच्या तपासणीला पोर तिच्या सख्ख्या मावशीसोबत आली. पडदा उजळला.

"नवा वण नाही. शाब्बास!" डॉक्टर म्हणाले.

पोर पडद्याकडेच बघत होती. "साहेब, मायचं पाह्यलं असतं, तं किती काळं दिसलं असतं?"