चिंचेखालचं पाणी

काशिनाथला काही सांगितलं की तो ते आधी स्वतःच्या भाषेत परत म्हणून दाखवी आणि विचारी, "बरोबर का?" चहात साखर कमी घाल म्हटलं तरी हेच. जांभूळ गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात ड्रायव्हर होता. मालकांना मोटारशर्यतींचा नाद. गाडी त्यांची, चालवणारा काशिनाथ, आणि वॉकीटॉकीवरून सूचना देणारा मी.

गरीब गाय मुळीच नव्हता तो. हेल्मेट घालण्याआधी आरशात बघून भांग पाडायचा. "अरे, कोण बघणार आहे?" म्हटलं तर म्हणे, "जिकलो का उतरवाचाच हाय ना, साहेब!" माझी नक्कल तर तोंडावर करी. "तुमचा आवाज यात कोंबड्यासारका येतो. पन कोंबडा आरवला का आमी उठतो, काय समजलात?" ते खरंच होतं. भर वेगात मी 'आत्ता पुढे काढू नको' म्हणालो, की समोर वाट मोकळी असली तरी तो मागे राही. उतरल्यावर मात्र मला यथेच्छ बोलून घेई.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथजवळच्या एका पडीक धावपट्टीवर शर्यत होती. काशिनाथ सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या फेरीत त्याने कळवलं, इंजिन तापलंय. मालक माझ्या शेजारीच उभे होते. "इंजिन जळता कामा नये," एवढंच म्हणाले. नियम असा, की शर्यत संपल्यावर गाडी थेट कुंपणाच्या आत न्यायची. तिथे तिचं वजन होई आणि ठरल्यापेक्षा हलकी निघाली तर ती बाद. तोवर तिला कोणी हात लावायचा नाही, कारण वाटेत काही भरून हलकी गाडी जड करता येते. मला हा नियम पाठ होता. तरी मी सूचना दिली, आणि त्याने ती परत म्हटली.

"झेंडा झाला का चिंचेखाली थांबाचा, आपल्या डब्यातला पानी टाकाचा, मंग आत. बरोबर का?"

"बरोबर," मी म्हणालो.

तो पहिला आला, चिंचेखाली थांबला आणि एका पंचाने त्याला पाणी ओतताना पाहिलं.

चौकशीत प्रश्न एकच होता: कोणी सांगितलं? संघाने सांगितलं असेल तर संघावर बंदी, नाहीतर चालक एकटा बाद. काशिनाथने आमचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, माझ्या कोंबड्याच्या आवाजासकट. दोघं-तिघं हसले. मग पंच माझ्याकडे वळले. मी मालकांकडे पाहिलं आणि म्हणालो, "मी असं काही सांगितलेलं नाही."

त्याचं बक्षीस गेलं, शर्यतीचा परवाना गेला. टेम्पो भरून शर्यत बघायला आलेल्या गावाने त्याला नाव ठेवलं, 'पानीचोर'. लग्नाच्या पंगतीत पाण्याचा जग फिरला की कोणीतरी ओरडे, "काशाच्या हातात नको देव रं!" मग तो पंगतीला जाईनासा झाला. आमची नोकरी त्याने स्वतःहून सोडली आणि उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवू लागला.

निवृत्त झाल्यावर मी एकदा जांभूळला त्याच्या घरी गेलो. तो अंगणात टेम्पोचं चाक खोलत होता. मी म्हणालो, "काशिनाथ, त्या दिवशी मी खोटं बोललो."

त्याने मानसुद्धा वर केली नाही. "मना कशाला सांगता, साहेब? मी होतोच ना तथं. जे हसले त्यांना सांगा."

मी "हो" म्हणालो आणि अंबरनाथला घरी येऊन गप्प बसलो. काशिनाथ आता नाही. त्या दिवशी हसलेल्यांपैकी कोण उरलंय, मला ठाऊक नाही. जे असतील त्यांनी ऐकावं: पाणी टाकायला मी सांगितलं होतं.