मागे बांधलेले हात

शमीम गेल्याची बातमी मला तिनेच तयार केलेल्या ग्रुपवर कळली. आमच्या भागातल्या शिक्षकांचा तो ग्रुप. वर्गात टीव्ही, मोबाइल, प्रोजेक्टर कसे वापरायचे हे ती आम्हाला शाळेशाळेत येऊन शिकवायची आणि अडलं-नडलं विचारायला तिने तो काढून दिला होता. बातमीखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही एक शोधलं. समई, झेंडूची फुलं, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’... पाठवून झाल्यावर लक्षात आलं की शमीमच्या घरात समई कधी लागलीच नसेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, चित्र एका फटक्यात गेलं याचा मला क्षणभर आनंद झाला होता. असं चित्र पाठवायला तिनेच मला शिकवलं होतं. मी फोन पालथा ठेवला आणि किती तरी वेळ त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

ती पहिल्यांदा आमच्या शाळेत आली तेव्हा मी नोकरीच्या उतरणीला लागले होते. रत्नागिरीपासून पाऊण तासावर, खाडीकाठची आमची शाळा. आठवीच्या वर्गात देणगीतून आलेला मोठा टीव्ही होता, पण खाऱ्या वाऱ्याने बिघडेल म्हणून त्याच्यावर कायम जाड कापड घातलेलं असायचं. साहेब तपासणीला आले की कापड निघायचं आणि साहेबांची गाडी वळणाआड गेली की पुन्हा चढायचं. शमीम स्टाफरूममध्ये येऊन म्हणाली, “बाई, मी तुमच्याच वर्गात होते.” मी म्हटलं, “हो हो, आठवतेस की!” मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. इतकी वर्षं मराठी शिकवते, मुलं येतात, जातात. तिलाही ते कळलं असावं, कारण ती नुसती हसली आणि “मी कुठे बसायचे सांगा बघू” असलं काही तिने विचारलं नाही.

पहिले दोन-तीन आठवडे मी तिला चुकवलं. एकदा घशाचं कारण, एकदा पोर्शन राहिल्याचं. एकदा तर तिला वर्गाच्या दारात बघून मी सरळ सांगितलं, “आज लाईट नाहीये गं.” डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. मुलांनी वर पाहिलं, शमीमनेही पाहिलं. “बरं बाई, पुढच्या वेळी,” एवढंच म्हणून ती गेली. त्या दिवशी मी मुलांना शुद्धलेखन घातलं आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

तिची शिकवायची एक पद्धत होती. आधी आलेले प्रशिक्षक आमच्या हातातला रिमोट घ्यायचे, खटाखट बटणं दाबायचे आणि “समजलं ना?” म्हणायचे. आम्हीही माना हलवून मोकळे. शमीम समोरच्या वस्तूला हातच लावायची नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधायची, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरायची आणि उभी राहायची. आपण चुकायचं, घाम पुसायचा, तिच्याकडे केविलवाणं बघायचं... ती तोंडाने सांगेल, पण हात काही पुढे येणार नाहीत. स्टाफरूममध्ये तिला ‘कैदी’ म्हणायला सुरुवात मीच केली.

शेवटी एकदा मी सापडलेच. माझ्या मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर दाखवायचं होतं. मी काय दाबलं देव जाणे, माझा अख्खा मोबाइलच टीव्हीवर उघडला आणि आदल्या रात्री मी शोधलेलं ‘गुडघेदुखीवर घरगुती उपाय’ हे भल्या मोठ्या अक्षरांत झळकलं. वर्ग खदखदून हसला. ज्या वर्गात माझ्या नुसत्या खाकरण्याने शांतता व्हायची, तो वर्ग! शमीम तेवढी हसत नव्हती. पण हात मागेच होते, आणि मला त्या हातांचा भयंकर राग आला. “बघत काय उभी राहिलीस? जा तू आता! जा!” असं मी तिच्यावर मुलांदेखत ओरडले. ती गेली. आणि पुढच्या मंगळवारी नेहमीच्या बसने परत आली, जणू मी काही बोललेच नव्हते. मी माफी मागितली नाही. 

पण शिकले. काही महिन्यांनी त्याच टीव्हीवर मुलांना बोलींचे नमुने ऐकवताना मी इतकी रंगले की मागे न बघताच म्हटलं, “शमीम, तू जा आता, मला जमतंय.” तास संपल्यावर ती व्हरांड्यात थांबलेली. “बाई, शिक्षक ‘तू जा आता’ म्हणाले की माझं काम झालं असं मी समजते,” ती म्हणाली. मग डोळे मिचकावून, “तुमचं तर पहिल्याच महिन्यात झालं होतं!” माझे कान लाल झाले. तीही हसली, मीही हसले. माफी मागायची ती वेळ होती, तीही मी हसण्यावारी घालवली.

त्या दिवशी बसची वाट बघताना मी तिला हात मागे बांधण्याचं कारण विचारलं. तिचे अब्बा कुवेतला होते. ते तिथे असेतोवर त्यांच्याशी बोलायचं झालं की रोज अम्मा फोन तिच्यापुढे धरायची आणि ही झटकन लावून द्यायची. “नुसतं लावून दिलं बाई, शिकवलं नाही. अजून अम्मा फोन पुढे धरते आणि माझा हात जातोच. अख्ख्या जिल्ह्यातल्या मास्तरांना शिकवते, आणि घरी बघा... दिव्याखाली अंधार. म्हणून बाहेर तरी हात बांधून ठेवते.”

शेवटची भेट तिच्या घरी झाली. आजाराने ती उशीएवढी उरली होती. आम्ही बोलत असताना तिची आई, खतिजाभाभी, फोन घेऊन आली आणि शमीमने पडल्यापडल्या पांघरुणातून हात काढून तिला फोन लावून दिला. भाभी आत गेल्यावर म्हणाली, “अम्माला शिकवायचं राहिलं. बाई, तुम्ही शिकवाल?” मी काय म्हणावं? “अगं, मला तरी कुठे धड येतंय! तू बरी हो आणि तूच शिकव.” तिने विषय बदलला. पंखा फिरत असताना ‘लाईट नाही’ म्हणायची माझी खोड गेली नव्हती. तिच्या बिछान्याशी बसून मी तेच केलं होतं. याची जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटत नाही.

ती गेल्यावरही मी लगेच गेले नाही. पेपर तपासायचे होते म्हणा, तोंड दाखवायला नको वाटत होतं म्हणा. गेले तेव्हा कित्येक आठवडे उलटले होते. भाभीने चहा दिला, इकडचं तिकडचं बोलली आणि मग ओढणीआडून फोन काढून माझ्यापुढे धरला. “ह्यात तिचा आवाज हाय. शेजारची सून लावून देते. पण सारखं सारखं कुणाला सांगायचं? लोकांना कामं असतात, बाई...” तिची नजर खाली होती. माझा हात तडक पुढे गेला, दोनदा बोट टेकवलं आणि खोलीत शमीम बोलली. अम्मा, बस चुकली माझी. तू जेवून घे. माझ्यासाठी शेपटीकडचा तुकडा ठेव. संपलं. भाभीने डोळे पुसले आणि फोन पुन्हा माझ्यापुढे धरला, तशीच खाली बघत. टीव्हीसमोर मी अशीच उभी राहायचे.

मी हात मागे घेतले. “भाभी, तुम्ही लावा. मी सांगते.” तिने नको म्हटलं, मी ऐकलं नाही. आधी बॅटरी लागली. मग कॅमेरा उघडला आणि स्वतःचाच चेहरा बघून ती दचकली. मग भलत्याच कुणाला फोन गेला. “तुमीच लावा ना वो, मला नाय जमत,” ती रडकुंडीला आली. माझे हात शिवशिवत होते. मनगट घट्ट धरल्यावाचून ते मागे राहत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. शमीम शाळेशाळेत हे कसं करत असेल? आणि मी तिला कैदी म्हटलं होतं...

चहावर साय धरली. मग आवाज आला. भाभीने फोन छातीशी धरला, पुन्हा समोर घेतला, बोटाने चाचपलं, पुन्हा आवाज आला. मग पुन्हा. मी तिथे आहे हे ती विसरली होती. इतके आठवडे ही बाई लेकीच्या आवाजासाठी शेजाऱ्यांच्या दारात उभी राहिली होती, आणि मी घरी बसून पेपर तपासत होते. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात मान वर न करताच ती म्हणाली, “बाई, तुमी जावा आता.”

मी उठले. दाराबाहेर चपला घालताना पाहिलं, तर हात अजून मागेच होते. आतून शमीम पुन्हा सांगत होती, अम्मा, बस चुकली माझी, तू जेवून घे.